गोदी ते गांधीबाग

मुंबई बंदरात सकाळी उतरून संध्याकाळी जहाजावर परतणाऱ्या पाहुण्याला शहर कसं दाखवायचं, याची रीत सव्वाशे-दीडशे वर्षांत फारशी बदललेली नाही. पूर्वी अपोलो बंदरावर घोड्याची व्हिक्टोरिया उभी असायची, आता बॅलार्ड पिअरवर वातानुकूलित बस असते. वाट जवळपास तीच. राजाबाई टॉवर, बोरीबंदरचं स्टेशन, क्रॉफर्ड मार्केट, मलबार हिल, हँगिंग गार्डन, पारशांच्या दख्म्याकडे दुरूनच दाखवलेलं बोट, आणि वेळ हाताशी असेल तर होडीने घारापुरी. पुढे त्यात गेटवे, मणिभवन आणि महालक्ष्मीचा धोबीघाट यांची भर पडली. या वाटेला कोणी नावं ठेवावीत असं नाही. पण या वाटेवर जे दाखवलं जातं त्यातल्या बऱ्याच गोष्टींची मुळं घाट ओलांडून पूर्वेला, वऱ्हाडात आणि रेल्वेने ८३७ किलोमीटरवर असलेल्या नागपुरात आहेत. बंदराच्या शहराचा इतिहास तिथल्या गांधीबागेसारख्या कापडबाजारातून उलटा वाचत गेलं तर तो जास्त नीट लागतो, असं माझं म्हणणं आहे.

आधी हा एका दिवसाचा बेत आला कुठून ते पाहू. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपहून येणाऱ्या जहाजांसाठी मुंबई हे हिंदुस्थानचं पहिलं दार ठरलं. दारात मात्र कोणी मुक्काम करत नाही. जूल व्हर्नच्या ८० दिवसांतल्या जगप्रदक्षिणेच्या कादंबरीतला फिलियस फॉग दुपारी साडेचारला मुंबईत उतरतो आणि रात्री आठची गाडी पकडतो. शहर पाहण्याची हौस त्याच्या नोकराला, आणि तोही मलबार हिलच्या देवळात जोडे गमावून बसतो. कादंबरीचा विनोद सोडला तरी वेळापत्रक खरं आहे. डाकेचं जहाज आणि आगगाडी यांच्यामध्ये जी पोकळी उरे, तिच्यात जेवढं बसेल तेवढं शहर. खुद्द टॉमस कुकने १८७२-७३ मध्ये जगप्रवासाची पहिली सहल काढली, तेव्हा मुंबई तिच्या वाटेवर होती. १८७५ साली मॅक्लीनचं मुंबई-मार्गदर्शक निघालं. त्याच वर्षी प्रिन्स ऑफ वेल्सला घारापुरीच्या लेण्यात मेजवानी दिली गेली आणि लेण्यांचं नाव प्रवाशांच्या यादीत कायमचं वर गेलं. १९०९ साली न्यूयॉर्कहून 'क्लीव्हलँड' हे जहाज शेकडो अमेरिकन पर्यटकांना घेऊन जगाला वळसा घालायला निघालं, तेही इथे थांबलं. हाती चार दिवस असलेले आग्रा गाठत, बाकीचे मलबार हिल. पुढे १९२८ पासून फ्रंटिअर मेलचा डबा बॅलार्ड पिअरवर जहाजाला जवळजवळ टेकूनच उभा राहू लागला, तेव्हा तर शहर न पाहताच शहर ओलांडता येऊ लागलं. सौंदर्यदृष्टीने या वाटेवरच्या जागा निवडल्या असतीलही. त्यांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर मात्र घड्याळाने ठरवलं.

याच शहराबद्दल मराठीत पहिलं सविस्तर पुस्तक लिहिलं ते गोविंद नारायण माडगांवकरांनी, १८६३ साली. 'मुंबईचे वर्णन' हे त्याचं नाव. गाड्या गाठायची घाई नसलेल्या माणसाचं ते वर्णन आहे, त्यामुळे त्यात देवळं-मशिदींच्या जोडीला बाजार, धंदे, कारखाने, मालाची ये-जा यांना भरपूर जागा मिळते. पाहुण्यांच्या दिवसात जे कधी बसलं नाही ते नेमकं हे. आणि गंमत अशी की ते लपलेलं नव्हतं. कापसाचं मैदान १८४४ साली कोटातून कुलाब्याला हलवलेलं होतं. अपोलो बंदरावर उतरलेल्या माणसाने उत्तरेऐवजी दक्षिणेकडे पाय वळवले असते तर ते लगेच लागलं असतं. मोसमही एकच. थंडीत येणारा पाहुणा नोव्हेंबर ते मार्च येतो, आणि वऱ्हाडातली वेचणीही त्याच महिन्यांतली. पावसाळ्यापूर्वी रुई जहाजावर चढवायची घाई असे. उघड्या मैदानावर गाठींच्या थप्प्या लागत. पूर्ण दाबलेली मुंबईची गाठ ३९२ पौंडांची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. दलाल तिचं तरटाचं आवरण एका कोपऱ्यात उचकटे, मूठभर रुई ओढून काढे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणे, तुटलेल्या टोकांवर पुन्हा जोडून परत ताणे, अशा दोन-चार खेपांत त्याला तंतूची लांबी कळे. मग तळहातावर पसरून पानाचा चुरा आणि सरकीचे तुकडे किती ते पाहे. भाव त्यावर ठरे. घारापुरीच्या त्रिमूर्तीइतकंच हे दृश्य त्या काळच्या मुंबईचं ओळखपत्र होतं. पण ते कोणाच्याही दिवसात आलं नाही, कारण व्यापाराचं ठिकाण हे प्रेक्षणीय स्थळ असू शकतं ही कल्पनाच प्रवासी पुस्तकांना नव्हती.

ती रुई येई कुठून? आगगाडीपूर्वी नागपूर-वऱ्हाडच्या कापसाचं तोंड मुंबईकडे असण्याची सक्ती नव्हती. बराच कापूस बैलांच्या पाठीवर लादून उत्तरेला मिर्झापूरला जाई आणि तिथून गंगेने कलकत्त्याला. तांड्यांच्या त्या प्रवासात धूळ आणि पाऊस खाऊन माल पोचे तोवर त्याची प्रत उतरलेली असे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक जिथून येई तो पुरवठा आटला, आणि मुंबईत रुईचे भाव असे चढले की पेढ्यांची अक्कल गेली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या शाखेचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, यावरून सरकारला या मातीत काय दिसत होतं ते ओळखावं. हिंगणघाट हे नाव लिव्हरपूलच्या दलालांना कापसाची जात म्हणून पाठ होतं, अमरावतीचा अपभ्रंश 'ऊमरा' म्हणून त्यांच्या दरपत्रकात छापला जाई. त्याच वेळी मुंबईत एक दिवस फिरून गेलेल्या इंग्रज माणसाला ही गावं नकाशावर दाखवता आली असती की नाही याची शंकाच आहे.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल, आणि ती हलकी नाही. अमेरिकेची यादवी १८६५ मध्ये संपली, त्याच वर्षी मुंबईचा सट्टा कोसळला, पेढ्या बुडाल्या. नागपूरची गाडी त्यानंतर दोन वर्षांनी आली. मग ज्या इमारती पाहुण्यांना दाखवतात त्या नागपूरच्या कापसाने उभ्या केल्या असं कसं म्हणायचं? शिवाय मुंबईच्या जुन्या घराण्यांचा पैसा कापसाइतकाच चीनच्या अफूचा. आणि कोटाच्या भिंती पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीच्या विक्रीतूनही सार्वजनिक इमारतींना पैसा आला. यातलं प्रत्येक विधान खरं आहे. तेजीच्या वर्षांतला कापूस पाहिला तर गुजरात-काठेवाड-खानदेशचा वाटा मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि वऱ्हाडचा माल तेव्हा रेल्वेच्या पुढे सरकणाऱ्या टोकापर्यंत खाचरांतून, गाड्यांतून येत होता. पण या हरकतींनी माझ्या म्हणण्याला धक्का लागत नाही, उलट ते पसरतं. अफू माळव्यातली, म्हणजे तीही घाटापलीकडची. कोटाच्या जमिनीला सोन्याचा भाव आला तो तेजीमुळे. राजाबाई टॉवर घ्या: कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले ते १८६४ च्या भरतीत, मनोरा पुरा झाला १८७८ मध्ये, म्हणजे त्यांचं दिवाळं निघाल्यानंतर कितीतरी वर्षांनी. घंटा वाजत राहिली, पैसा मात्र ज्या शेतांतून आला त्यांचा हिशेब मागे पडला. एकट्या नागपूरने मुंबई बांधली असा दावा मी करत नाही. बंदरात दिसणारी प्रत्येक दगडी वस्तू कुठल्या ना कुठल्या आतल्या मुलुखाची हुंडी आहे, एवढाच तो आहे; नागपूरची हुंडी वाचायला सोपी, कारण तिच्यावर नावं शाबूत आहेत.

बोरीबंदरचं स्टेशन हे याचं सर्वांत उघड उदाहरण. १८७८ मध्ये काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं, १८८७ मध्ये राणीच्या ज्युबिलीनिमित्त तिचं नाव मिळालं. फ्रेडरिक स्टीव्हन्सचं नाव वाटाडे न चुकता सांगतात. पण ही इमारत म्हणजे जीआयपी रेल्वेची कचेरी, आणि या कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली होती. कमी पडलं तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः शेतसाऱ्यातून. त्या व्याजाच्या बदल्यात रूळ कुठे गेले? एक फाटा थळ घाट चढून भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्ध्यावरून नागपूरला. कापसाच्या काळ्या मातीच्या मधोमध. आता स्टेशनच्या दर्शनी भागावर मान वर करून पाहा. घुमटावर 'प्रगती' उभी आहे, आणि तिच्या खाली निमुळत्या कमानींच्या शेंड्यांवर अभियांत्रिकी, व्यापार, विज्ञान यांच्याबरोबर शेतीचीही मूर्ती आहे. शिल्पकाराने शेतीला जागा दिली, तीही छपरावर. ती कोणाची शेती हे विचारायला बस थांबत नाही.

रुळांवरून रुई खाली गेली, तशी रिकामी वाघीण परतली नाही. नागपूरच्या कापडबाजाराचा आधुनिक इतिहास या परतीच्या मालात आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नाक यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीला आपल्या अहवालात जे लिहिलं त्याचा आशय असा: या भागात रेल्वेची शाखा आली तर युरोपीय कापड स्वस्तात आणता येईल, देशी कापडाला ते मागे सारील, आणि विणकाम सुटलेले हात कापसाच्या शेतीला मिळतील. सरकारी अहवालात इतकं सरळ बोललेलं क्वचितच सापडतं. नागपुरात त्याचा अर्थ काय होता? इथे हलबा कोष्टी होते, मोमीन विणकर होते. रेशीमकाठी धोतरं आणि लुगडी हा भोसल्यांच्या काळापासूनचा नावाजलेला माल. विलायती थान इतवारीत उतरू लागलं तेव्हा विणकर एका दिवसात संपले नाहीत. उंची काठाचा माल टिकला, साध्या कापडाचं गिऱ्हाईक गेलं, आणि अनेक मागांवर गिरणीचं सूत चढलं. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावं आठवडी बाजारांची. त्या जुन्या बाजारपेठेला लागून गांधीबागेचा ठोक कापडबाजार आहे. आजही तिथल्या गल्लीत सकाळी गठ्ठे उतरतात ते पाहण्यासारखं असतं. हमालाच्या हातातला आकडा तरटात रुततो, गठ्ठा पाठीवर येतो, दुकानाच्या पायरीवर आपटतो. तरटावर काळ्या शाईने पेढीची खूण आणि क्रमांक. मुनीम सुतळीची शिवण चाकूने एका टोकाला कापतो आणि बाकीची ओढून काढतो. मग थान गादीवर उलगडतं, गिऱ्हाईक बोटांत पोत चाळवतं, भाव होतो. कुलाब्याच्या मैदानावर रुईचं जे होई तेच इथे कापडाचं होतं. माल सुरतेचा असो, भिवंडीचा असो की इचलकरंजीचा, त्याच्या हाताळणीची रीत बंदराशी बांधलेल्या व्यापारातून आलेली आहे.

या दोन टोकांना जोडणारा एक माणूस मुंबईचे वाटाडे रोज उल्लेखतात, फक्त अर्धा. अपोलो बंदरावर उतरल्या उतरल्या समोर ताजमहाल हॉटेल येतं. १६ डिसेंबर १९०३ ला ते उघडलं. गेटवे त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९२४ मध्ये पुरा झाला, म्हणजे बंदरातून दिसणारं पहिलं भव्य दृश्य बराच काळ हे हॉटेलच होतं. जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी सूडाने ताज बांधलं, ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला ऐकवली जाते. तिचा भक्कम पुरावा कोणी दाखवत नाही, पण ती सांगायला सोपी आहे. पुराव्याची गोष्ट नागपुरात आहे. १८७४ मध्ये जमशेटजींनी सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू केली. म्हणून एम्प्रेस मिल. मुंबईतल्या भांडवलदारांना हा वेडेपणा वाटला. गिरणी म्हणजे मुंबईत, समुद्राच्या दमट हवेत आणि बंदराजवळ, हे तेव्हाचं शहाणपण. जमशेटजींनी हिशेब उलटा मांडला: कापूस इथे पिकतो, कोळसा वरोऱ्याला निघतो, रेल्वे दारात आहे आणि कापड नेसणारी माणसंही इथेच आहेत, मग रुई ८०० किलोमीटर खाली नेऊन कापड पुन्हा वर का आणायचं? जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून गिरणी उभी राहिली. भांडवल द्यायला नकार देणाऱ्या एका स्थानिक सावकाराने 'टाटा सोनं मातीत घालतायत' असं म्हटल्याची, आणि पुढे आपणच चुकलो, 'त्यांनी माती घालून सोनं काढलं' अशी कबुली दिल्याची आख्यायिका नागपुरात आजही सांगतात. व्यवस्थापनाला रेल्वेच्या मालखात्यातून आलेले बेझनजी मेहता होते, हेही बोलकं आहे: मालाची ये-जा कळणारा माणूस आधी, सूत कळणारा नंतर. रिंग चात्यांचे प्रयोग हिंदुस्थानात प्रथम झाले त्यांत या गिरणीचं नाव येतं.

आता यावर असं विचारता येईल की ताजचा पैसा नागपूरचाच हे कशावरून. नुसता नागपूरचा तो नव्हताच. टाटांच्या पेढीला अबिसिनियाच्या मोहिमेच्या पुरवठ्यात नफा झाला होता, मुंबईतली अलेक्झांड्रा मिल विकून झाला होता, चीनशी व्यापार होता. चरित्रकार एवढं सांगतात की हॉटेलचा खर्च जमशेटजींनी खाजगी पैशातून केला. तरी एक गोष्ट उरतेच: त्यांचा दीर्घकाळ चाललेला, दरवर्षी लाभ वाटणारा पहिला मोठा उद्योग एम्प्रेस मिल होता, आणि पुढच्या सगळ्या धाडसांना लागणारी पत त्याने दिली. गांधीबागेपासून चालत जाता येईल अशा अंतरावर ही गिरणी होती. तिच्या जागेवर आता एम्प्रेस मॉल आहे. बंदरावरचं हॉटेल वारसास्थळ म्हणून मिरवतं आणि त्याला पत देणाऱ्या गिरणीच्या जमिनीवर फिरते जिने लागले, यात नागपूरकरांचाही दोष आहे. आपण कधी कोणाला ती जागा दाखवायला नेलं?

सर्वांत रास्त वाटणारी हरकत मी शेवटी ठेवली आहे. एका दिवसासाठी उतरलेला माणूस, सुटीवर आलेला. त्याच्या डोक्यावर शेतसारा, व्याजाची हमी आणि लँकेशायर कशाला लादायचं? त्याला हवा खाऊ द्या. पण त्याच्या डोक्यावर काही लादलं जात नाही असं मुळात नाहीच. बसमधला वाटाड्या त्याला वास्तुशैलीचं नाव सांगतो, शिल्पकाराचं सांगतो, कोनशिला कोणत्या गव्हर्नराने बसवली ते सांगतो, मनोऱ्याची उंची फुटांत सांगतो. इतिहास तर सांगितलाच जातो. प्रश्न आहे तो कोणता. उंचीच्या जागी पैसा कुठून आला हे एक वाक्य घातलं तर दिवसाला पाच मिनिटंही जास्त लागत नाहीत. आणि ज्यांना हे सांगितल्याने सुटीची मजा जाईल असं वाटतं, ते पाहुण्याला कमी लेखतात. हॉटेलची सूडकथा आवडणाऱ्या माणसाला सावकाराच्या सोन्या-मातीची कथाही आवडेलच.

हे सगळं जुनं झालं म्हणून सोडून देता येत नाही, कारण तीच घडण नव्याने होते आहे. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं सहलीचं जहाज मुंबईहून गोव्याला निघतं आणि त्यावर विदर्भातली कुटुंबंही असतात. आता बंदरात एका दिवसासाठी उतरणारा पाहुणा इंग्रज नाही, नागपूरचा व्यापारी आहे, आणि कदाचित गांधीबागेतच त्याचं दुकान आहे. मुरगावला सकाळी बस लागते, झुआरीचा पूल ओलांडून जुन्या गोव्याला बासिलिका, मग मंगेशीचं देऊळ, दुपारी पणजी, संध्याकाळी परत. मुरगाव बंदर मात्र बासिलिकेवर चाललं नाही. डिचोली, सत्तरी, सांग्याच्या डोंगरांतलं लोहखनिज बार्जमधून मांडवी-झुआरीने खाली येई आणि इथून जहाजावर चढे. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हा सर्वाधिक हादरे आतल्या तालुक्यांतल्या ट्रकवाल्यांना आणि बार्जवाल्यांना बसले. कुलाब्याचं मैदान जसं व्हिक्टोरियाच्या वाटेवर नव्हतं, तशी डिचोलीची लाल धूळ या बसच्या वाटेवर नाही. फरक एवढाच की हिंगणघाट, वर्धा, इतवारी ही नावं ज्यांच्या तोंडात आहेत, त्या प्रवाशांना पुलावरून खाली बार्ज दिसली तर ती कुठून आली हे विचारायला कोणी शिकवावं लागणार नाही.